दुसरं उत्तर

गजेंद्र मास्तरांनी सुरुवातीचं तापमान भरलं, कळ दाबली आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले. पडद्यावर आकडे उतरू लागले. चेतन खुर्ची ओढून शेजारी बसला. एकेकाळी तो मास्तरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. आता कडोदऱ्याच्या कापडमिलचा मॅनेजर होता.

गणित मास्तरांचंच. मिलची नवी शेड उभी राहत होती तेव्हा चेतनने आठवणीने त्यांना बोलावलं होतं. कापड सुकवायच्या यंत्रांनी हवा तापते, तापलेली हवा छपराच्या खिडक्यांतून निघून जाते, तिच्या जागी दारातून गार हवा येते आणि तापमान उतरतं. पण ते उतरलं की हवेची ओढही मंदावते. एक दुसऱ्यावर अवलंबून, दुसरं पहिल्यावर. म्हणून एक अंदाज धरायचा, हिशेब करायचा, निघालेलं उत्तर पुन्हा अंदाज म्हणून घालायचं. घातलेलं आणि निघालेलं एक होईपर्यंत फिरत राहायचं. निवृत्तीनंतर इतक्या हौसेने मास्तरांनी दुसरं काही केलं नव्हतं.

आकडे स्थिरावले. यंत्रांचा धूर छपरातून बाहेर, खाली माणसांना सोसवेल अशी हवा.

"बघा, बरोबरच होतं की," चेतन म्हणाला.

"ही गरम शेडपासून केलेली सुरुवात. आता थंड शेडपासून."

आकडे पुन्हा उतरले आणि वेगळ्याच जागी थांबले. यंत्र थंड असताना छपराच्या खिडक्या उघडल्या, तर पश्चिमेचा वारा त्यांतून आत घुसतो. मग यंत्र पेटलं तरी तो हटत नाही. तेलकट धूर खाली माणसांवर दाबून धरतो. हे उत्तरही स्वतःशी तितकंच जुळणारं.

शेड बांधायच्या आधी हे उत्तर असंच पडद्यावर आलं होतं. मास्तरांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. बिचकत त्यांनी चेतनला सांगितलं, तेव्हा तो हसला होता. शेठला दोन उत्तरं दाखवली तर तो आपल्या दोघांनाही घरी बसवेल, म्हणाला होता. मास्तरांनी अहवालात एकच ठेवलं.

आणि गेल्या महिन्यात, सुट्टीनंतरच्या सकाळी, यंत्रावरचा कामगार लोटू त्या शेडमध्ये धुराने कोसळला. डिंडोलीत मास्तरांच्याच गल्लीत राहणारा. आता त्याला चार पावलं चाललं तरी धाप लागे. भरपाईच्या अर्जावर कामगार खात्याच्या साहेबांनी एवढंच ठरवायचं होतं: चूक शेडची की लोटूची.

चेतनने टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"सही करा, सर. लोटूने यंत्राआधी खिडक्या उघडल्या, म्हणून झालं. खोटं थोडंच आहे?"

"आधी उघडू नकोस, असं त्याला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही तरी कुठे लिहिलं होतं?"

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"नाही जमणार मला."

तो चिडेल, असं त्यांना वाटलं होतं. चेतनने शांतपणे कागद घडी करून खिशात घातला आणि चहा मागवला.

"हरकत नाही. तुमचा जुना अहवाल आहेच, सहीसकट. त्यात शेड उत्तम आहे. मग चूक कोणाची उरते, ते साहेबच बघतील."

रिक्षात बसल्यापासून मास्तर मनात वाक्यं जुळवत होते. साहेबांपुढे जायचं, दोन्ही उत्तरं मांडायची. या वेळी अडखळायचं नाही.

लोटूची बायको पार्वती साडीवर टिकल्या चिकटवत दारात बसली होती. "बठा मास्तर," म्हणत तिने खुर्चीवरचे कपडे उचलले. लोटू भिंतीला उशी लावून बसला होता. मास्तरांनी जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं. तो ऐकत राहिला, मग मान हलवली. मिलची माणसं सकाळीच येऊन गेली होती.

"लिहून दिलं मी. खिडक्या मीच उघडल्या म्हणून."

"अरे, का दिलंस?"

"उघडल्या तर मीच ना." त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गणपतीत तुम्हीच म्हणाला होता ना मास्तर, वरच्या खिडक्या तुमच्यासाठीच ठेवल्यात, उघडत जा. बाकीचे आळस करायचे. मी मात्र सुट्टी संपली की आधी त्याच उघडायचो. मग मशीनला धूप, मग बटण."

मास्तरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना.

"त्यांनी विचारलं, कोणी सांगितलं होतं. तुमचं नाव नाही घेतलं मी."

पार्वतीने आत येऊन पाणी दिलं. फार उकडतंय, म्हणत ती मास्तरांच्या पाठीमागची खिडकी उघडायला गेली. मास्तर अर्धवट उठले. तसेच खाली बसले.

"उघड, उघड," लोटू म्हणाला. "मास्तरांना हवा लागू दे."