बाबाची जागा

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. माझ्या कडेवर कोरलेली अक्षरे परवा घासून टाकायचे ठरले होते. तसे सांगणारी कोणी परकी नव्हती. लहानपणी ज्या मुलीने ती कोरली, तीच होती.

सुताराच्या हातून माझा एक पाय जरा आखूड झाला, म्हणून मी स्वस्तात विकले गेले. मला घेणारे तेव्हा साधे शाळामास्तर होते. पुढे त्यांनी देश स्वतंत्र केला, हे तुम्ही पुस्तकात वाचता. मी मात्र त्यांना भाजी अळणी झाली तरी गुपचूप जेवताना पाहिले आहे.

मग सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. घरी कार्यकर्त्यांची ये-जा वाढली आणि जो येई तो नेमका त्यांच्याच खुर्चीवर बसे. त्यांची धाकटी लेक बेबी हे बघून धुसफुसायची. एका दुपारी तिने खिळा घेतला आणि त्या खुर्चीसमोर कोरले, ‘बाबाची जागा. बसू नये.’ मला दुखले, पण सांगणार कोणाला?

“कार्टे, टेबलाची काय दशा केलीस ही!” आई ओरडली. मग वाचून तिचा आवाज खाली आला. “आणि ‘बाबांची’ लिहावं गं. अनुस्वार कुठे गेला?”

“खिळा बोथट झाला,” बेबी म्हणाली.

वर्षे गेली. एका सकाळी दाढी वाढलेला एक हडकुळा माणूस आत आला आणि त्या खुर्चीवर टेकला. बेबी तरातरा आली.

“ओ काका, उठा! वाचता येत नाही का? माझ्या बाबांची जागा आहे ती.”

आई दारातच थिजली. त्या माणसाने वाचले. “चुकलं हं माझं,” असे म्हणून तो निमूटपणे समोरच्या स्टुलावर जाऊन बसला.

ते कोण, हे आईने सांगितल्यावर बेबी संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर आली नाही.

देश स्वतंत्र झाला आणि आमचे मास्तर सगळ्यांचे ‘साहेब’ झाले. मोठमोठे पाहुणे मला कौतुकाने थोपटू लागले. पुढे साहेब गेले, घराला कुलूप लागले आणि माझ्या आखूड पायाला वाळवी लागली. आता त्या घराचे स्मारक होत आहे. त्यासाठीच बेबीताई आल्या. केस पार पांढरे झालेले.

“ताई, ही अक्षरं लोकांना फार आवडतील,” व्यवस्थापक म्हणाले.

“नकोत. घासून टाका. त्यांनी सगळ्या देशाला हक्काची जागा मिळवून दिली, आणि मी त्यांना घरच्या खुर्चीवरून उठवलं. त्यावर आम्ही कधी बोललोसुद्धा नाही.”

पॉलिशवाल्याने पॉलिशपेपर काढला. “कुठून घासू, ताई?”

दाखवायला ताईंनी बोट टेकवले, आणि ते तिथेच थांबले. खिळ्याने कोरलेल्या कडा बोटाला टोचायला हव्या होत्या. त्या तर गुळगुळीत झाल्या होत्या.

मला सारे ठाऊक होते. साहेब पुढे आयुष्यभर त्याच खुर्चीवर बसले. समोर मंत्री हमरीतुमरीवर आले, एखादा निर्णय जड जाऊ लागला, की त्यांचा अंगठा त्या अक्षरांवरून फिरत राही. पण मला वाचा कुठे?

ताईंनी अंगठा ठेवला. तो त्या झिजेत अलगद बसला.

“ताई?” पॉलिशवाल्याने विचारले.

“तू पायाची वाळवी बघ,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “इथे हात लावू नकोस.”

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, झाडा, पुसा. पण ओरखडा दिसला की लगेच घासायला धावू नका. आधी त्यावरून एकदा बोट फिरवून पाहा.