वाकड्याचा फोटो आणि मी, मधली काच

मित्रांनो, माझ्याकडे आजवर कुणी नीट पाहिलेलं नाही. सगळे माझ्यातून पलीकडे पाहतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीची जुनी काच आहे. मुळात मी वाळू होते म्हणे. मला आठवत नाही. भट्टीत वितळले, थंड झाले, मग काचवाल्याने काच कापायच्या हिरकणीने मापात कापून मला या चौकटीत बसवलं. तेव्हापासून माझी एक बाजू घरात आणि एक बाहेर. मी नेमकी राहते कुठे, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

काम म्हणाल तर वारा अडवायचा, उजेड आत सोडायचा. कौतुक एकच ऐकलं: "काच आहे की नाही, कळतसुद्धा नाही!" म्हणजे मी नसल्यासारखी असले की चांगली. डाग पडला की मात्र सगळ्यांना लगेच दिसते. यावर खूश व्हावं की रुसावं, तुम्हीच सांगा.

या घरात वहिनी आणि तिची नणंद राहतात. माझ्याबाहेरच्या कट्ट्यावर वहिनी रोज सकाळी दाणे टाकायची. एक करडं रानपाखरू यायचं. त्याच्या शेपटीचं एक पीस वाकडं, म्हणून ती त्याला वाकड्या म्हणायची. मग वहिनी स्टुलावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि ती आतल्या खोलीत पलंगाला खिळली. दाणे आता नणंद टाकू लागली.

"वन्सं, वाकड्या येतो का हो?"

"येतो की! माझ्याकडे ढुंकून बघत नाही, पण जेवून जातो."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय. मांजराने नेला असेल." वहिनी म्हणायची. "खरंच येत असेल तर फोटो दाखवा. शेपटी दिसली पाहिजे."

खिडकी उघडली की पाखरू उडायचं. त्यामुळे फोटो माझ्यातूनच काढणं आलं. पहिल्या फोटोत पाखराच्या पोटात दिवा उमटला आणि वर नणंदेचं नाक.

"ही कोण, वाकड्याची आत्या का?" वहिनी म्हणाली.

फ्लॅश मारला तर नुसता पांढरा गोळा आला. पुढच्या फोटोत माझ्यावरचा डाग बरोबर शेपटीवर. नणंद मला आतून घासघास घासू लागली. मित्रांनो, डाग बाहेरून होता! मला तोंड असतं तर ओरडले असते.

"हट्टी आहे मेला!"

"वन्सं, बाहेरून असेल तो!" आतून वहिनी ओरडली. "दरवेळी आतूनच घासत बसता!"

मग बाहेरूनही ओला कागद फिरला. मी लख्ख झाले. नणंदेने घरातले दिवे बंद केले, डोक्यावरून काळी शाल ओढली आणि मोबाइल मला चिकटवून बसली. "आता काच आहे की नाही, कळतसुद्धा नाही," ती पुटपुटली. मी सुखावले.

तेवढ्यात वाकड्या आला. पण तो कट्ट्यावर उतरलाच नाही, सरळ माझ्याकडे आला. आत अंधार आणि बाहेर ऊन असल्यामुळे समोरचं अख्खं झाड माझ्या अंगावर उमटलं होतं. त्याला ते खरंच वाटलं असणार. धप्प!

मी त्याला अडवलं की मारलं? मला काहीच कळेना.

"काय पडलं हो?" आतून हाक आली.

"काही नाही. झाकण."

वाकड्या कट्ट्यावर फुगून बसला होता, अगदी जवळ, हलत नव्हता. नणंदेने मोबाइलवर अंगठा टेकवला. फोटो असा आला की पीसन् पीस मोजावं. तो घेऊन ती आत गेली.

वहिनीने फोटो बोटांनी मोठा केला. "शेपटी त्याचीच. पण हा असा का बसलाय? डोळे मिटलेत. वन्सं, झाकण नव्हतं ना ते?"

नणंदेला रडू फुटलं. "तुला दाखवायच्या नादात काच चकचकीत केली गं. त्याला ती दिसलीच नाही."

"रडा नंतर. त्याला हात लावू नका. लांब उभ्या राहून मांजराला हाकला. पुढे जे होईल ते खरं सांगा, कसंही असलं तरी."

नणंद झाडू घेऊन अंगणात उभी राहिली. बराच वेळ गेला. वाकड्याने एक डोळा उघडला, मग दुसरा. अंग झाडलं आणि भुर्रकन झाडावर गेला.

मग तिने साबणाची वडी आणली आणि पाखराला काच दिसावी म्हणून माझ्या बाहेरच्या बाजूवर एकमेकांलगत पांढरे पट्टे ओढले. जन्मभर जे डाग पुसले, तेच आज मुद्दाम उमटवले! शेवटी आत येऊन तिने दिवा लावला आणि एक फोटो घेतला. पट्टे, दिव्याची तिरीप आणि पलीकडे रिकामा कट्टा.

"उडाला गं. पण फोटो बिघडला."

"मांजराने नाही ना नेला?"

"नाही. झाडावर बसलाय."

"आता पटलं," वहिनी म्हणाली. "मघाशी रडत का होईना, खरं सांगितलंत ना." मोबाइल छातीशी धरून ती झोपून गेली.

त्या फोटोत मी किती घाण दिसते! तरी कुणी फडकं घेऊन धावलं नाही. मी आता चांगली की वाईट, माझा गोंधळ कायम आहे. एवढी विनंती मात्र करते. मित्रांनो, काचा जरूर पुसा, पण पुसून झाल्यावर एकदा बाहेर जाऊन, पाखराच्या जागी उभे राहून बघा. आमच्यात झाड दिसलं, आभाळ दिसलं, तर साबणाने चार रेघा ओढा. आम्ही कशा दिसतो, ते आम्हाला स्वतःला कधीच कळत नाही.