शेवटचा परिच्छेद

बाइंडरचे पत्र आले तेव्हा ग्रंथपालांनी ते तीनदा वाचले, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले आणि जाड शब्दकोशात खुणेसारखे ठेवून दिले. त्याला आता अकरा आठवडे झाले होते.

पत्र मोठे नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयाची पुस्तके तीस वर्षे बांधून देणाऱ्या या माणसाला लिहिण्याची सवय नव्हती, म्हणून तो सरळ मुद्द्यावर आला होता. 'सर, तुम्ही पेपरात त्या नव्या सच्छिद्र पदार्थाबद्दल लिहिलंत, त्याचीच तबकडी घेऊन एक शास्त्रज्ञ आपल्याकडे आले आहेत. तबकडीवर पाय ठेवले की साखर उतरते. ते म्हणतात, हिचं इन्सुलिन आता बंद करा. करू का? हो की नाही, एवढंच कळवा.'

ग्रंथपालांना तेवढेच जमले नव्हते. उत्तराचा पहिला खर्डा 'मी डॉक्टर नाही' या वाक्यापुढे सरकला नाही. दुसरा अडीच पाने झाला आणि त्यात इन्सुलिनच्या शोधाचा इतिहास आला, पण उत्तर आले नाही. तिसरा लिहिताना वाटले, मूळ शोधनिबंध पुन्हा एकदा बघावा. आपण कोण? निवृत्त ग्रंथपाल. दर रविवारी 'नवे संशोधन' हे सदर लिहितो, तेही दुसऱ्यांचे वाचून. उद्या आपलेच चुकले तर? काही माणसे बुडतानाही पाण्याला 'माफ करा' म्हणतात, ग्रंथपाल त्यांतले.

मग एका संध्याकाळी सून हॉस्पिटलातून आली आणि पर्स खाली ठेवायच्या आधी तिने टेबलावर एक प्लॅस्टिक चढवलेला कागद टाकला. ती वॉर्डात नर्स होती. तिला बसून बोलायला वेळ नसे.

"आप्पा, हा तुमचाच लेख ना?"

ग्रंथपालांनी नाव पाहिले. त्यांचेच होते.

"एका पेशंटच्या खिशात सापडला. बेशुद्ध आलाय, साखर सहाशेच्या वर. पंधरा दिवस इन्सुलिन घेतलं नाही. बायको म्हणते, पेपरात आलंय, बंद केलं तर चालतं. तबकडीवर पाय ठेवायला लावणारा कुणी छिद्रबाबा आहे, त्यानंच हा कागद दिला."

"मी असं कुठं लिहिलंय?"

"लाल रेघ बघा."

लाल रेघेवर लिहिले होते: 'कदाचित उद्या हाच पदार्थ रक्तातली नको ती द्रव्येही गाळून काढील.' हे वाक्य सुचले तेव्हा ग्रंथपालांना ते फार आवडले होते. स्वतःशीच दोनदा मोठ्याने म्हटले होते. त्या वाक्याशी लेख संपत होता.

"इथं संपत नव्हता," ते म्हणाले. "पुढं आणखी एक परिच्छेद होता. हे सगळं अजून काचेच्या नळीत आहे, हा पदार्थ हवेतली वाफ आणि वायू धरून ठेवतो, माणसावर एकही प्रयोग झालेला नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं."

"मग गेला कुठं?"

"जाहिरात आली असेल. जागा कमी पडली की खालून कापतात."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

नऊ वर्षे माहीत होते. नऊ वर्षांत शेवटचा परिच्छेद किती वेळा कापला गेला याची गणती नव्हती. तरी ग्रंथपाल आपल्या साऱ्या शंका खालीच लिहीत. वर लिहिल्या तर वाचणाऱ्याचा विरस होईल, असे त्यांना वाटे. लग्नात बुजरा माणूस जसा मागच्या खुर्चीवर बसतो, तशी त्यांची सावधगिरी लेखाच्या तळाशी बसे आणि गर्दी झाली की तिलाच आधी उठवले जाई.

"रविवारी जाऊन बघू या," सून म्हणाली. "त्या छिद्रबाबाला."

रविवारी सकाळी फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यापर्यंत चपलांचा ढीग. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर औषधांच्या पिशव्या मांडीत घेऊन बसलेली माणसे. समोर टेबल, टेबलावर एक चकचकीत गोळा, नारळाएवढा, आणि शेजारी साखर मोजायचे छोटे मशीन. खाली करड्या रंगाची तबकडी. आणि मागे शास्त्रज्ञ महाराज, अंगात डॉक्टरी पांढरा कोट आणि पाय अनवाणी. एका गिऱ्हाइकाला विज्ञान पाहिजे आणि दुसऱ्याला अध्यात्म, तर दोघांची सोय एकाच देहात केलेली.

"या चिमूटभर पदार्थाच्या आतल्या भिंती उलगडल्या," महाराज सांगत होते, "तर अख्खं मैदान झाकेल. हे मी म्हणत नाही. पेपर म्हणतो. आता साखर म्हणजे काय? रेणू. रेणूला भोक दिसलं की रेणू आत शिरणार. मांजर खोक्यात शिरते, तिला कुणी शिकवतं का?"

लोक हसले. ज्याच्यावर हसता येते ते समजल्यासारखे वाटते.

"पेपर पुढं काय म्हणतो? हाच पदार्थ रक्तातली नको ती द्रव्येही गाळून काढील." 'कदाचित' हा शब्द महाराजांनी लाळेबरोबर गिळला.

दारात टोकन वाटणारा माणूस छातीवर बिल्ला लावून उभा होता. ग्रंथपालांनी त्याला ओळखले आणि त्यांचे पाय तिथेच थबकले. बाइंडर. निम्म्याने वाळला होता.

"सर, तुम्ही आलात," बाइंडर म्हणाला. "बरं झालं. सर्वांना सांगतो, लेख लिहिणारे आमचेच सर."

"घरी... वहिनी कशा आहेत?"

"गेली. आठ आठवडे झाले." तो टोकनांचा गठ्ठा हातात सारखा करत राहिला. "आम्ही उशिरा आलो. आणखी महिनाभर आधी तबकडी मिळाली असती तर वाचली असती, असं महाराज म्हणतात. म्हणून मी इथं येतो. दुसऱ्या कुणाला उशीर होऊ नये."

"इन्सुलिन?"

"बंद केलं ना. तुम्हाला पत्र टाकलं होतं. आठ दिवस वाट बघितली. ती म्हणायची, उत्तर येऊ दे. मी म्हटलं, सर वाचल्याशिवाय पान उलटत नाहीत. चुकीचं असतं तर त्यांनी लगेच कळवलं असतं."

 सुनेने ग्रंथपालांकडे एकदा पाहिले आणि मग पाहायचे टाळले.

बाइंडरने मानाने त्यांना पुढे नेले, टोकनाशिवाय. महाराजांनी नमस्कार केला. "लेखक स्वतः. मग पहिला प्रयोग लेखकांवरच. गोळ्यावर दोन्ही हात, दाबून. शरीरातला विद्युतभार उतरू द्या."

ग्रंथपालांना मधुमेह नव्हता. दर सहा महिन्यांनी सून तपासत असे. त्यांनी हात ठेवले, उचलले, महाराजांनी बोट टोचले. मशीनवर आकडा आला: तीनशे एकाहत्तर.

हॉलभर चुकचुक झाली. ग्रंथपालांच्या कपाळाला घाम फुटला. मग दहा मिनिटे पाय तबकडीवर. ती दहा मिनिटे हातात धरायला महाराजांनी त्यांचाच लेख दिला, वरचे प्लॅस्टिक काढलेली घडीची प्रत, म्हणजे मन विषयावर राहील. आणि ग्रंथपालांनी सवयीने घडी उलटायला अंगठा लावला.

कागद अंगठ्याला चिकटून वर आला.

हा चिकटपणा त्यांच्या ओळखीचा होता. अडतीस वर्षे त्यांनी मुलांना काउंटरवरून सांगितले होते, सरबत पिऊन पुस्तकाला हात लावू नका. घामाचा डाग वेगळा, तेलाचा वेगळा, गोडाचा वेगळा. गोडाला पान सोडत नाही. ते खोकल्यासारखे करून वाकले आणि अंगठा जिभेला लावला.

सून मागेच उभी होती. "काय झालं, आप्पा?"

"हाताला... मला असं वाटतं... थोडंसं गोड असावं."

"असावं की आहे?"

"आहे."

तिने डोळे मिटून घेतले. "बोट धुतल्याशिवाय टोचायचं नाही. पहिल्या दिवशी शिकवतात हे. आणि नंतर तो हात धुवायला सांगणार बघा."

तसेच झाले. 'भारित जला'ने हात धुवायला लावले, पुन्हा बोट टोचले. एकशे चार. टाळ्या पडल्या. एका आजीने पदर डोळ्यांना लावला.

ग्रंथपाल उभे राहिले. आयुष्यात त्यांनी सभेत आभारप्रदर्शनसुद्धा केले नव्हते. "गोळ्याला ग्लुकोज लावलंय," ते म्हणाले. पुढच्या रांगेलाही ऐकू गेले नाही.

"गोळ्याला ग्लुकोज लावलंय," सून म्हणाली. जिन्यावरच्यांनाही ऐकू गेले.

महाराज जराही दचकले नाहीत. या धंद्यात दचकणारा टिकत नाही. "लावलंय नाही, ताई, आलंय. तुमच्या सासऱ्यांच्या अंगातून. पाझरलं ते गोळ्यावर. अहो, हाच तर पुरावा." पुन्हा टाळ्या. खोटे पकडले गेले आणि त्याच खोट्याचा सत्कार झाला.

तेव्हा दारातून बाइंडर चालत आला. त्याच्या हातात एक छोटी बाटली होती.

"महाराज," तो म्हणाला, "हा गोळा रोज सकाळी मी पुसतो. तुम्ही दिलेल्या या द्रवानं. आज सातला पुसला. तेव्हा हॉलमध्ये मी एकटा होतो. कुणाच्या अंगातून काय पाझरणार?"

"ते ऊर्जाद्रव आहे. तुला सांगितलंय."

"हो. हाताला चिकटायचं. माझा जन्म खळीत गेला, मला कळायला पाहिजे होतं. खळ वाळली की पापुद्रा धरते. हे वाळत नाही, नुसतं चिकटतं." त्याने आपला हात सुनेपुढे केला. "मला साखर नाही, ताई. बघा तुम्ही."

सुनेने पर्समधून आपले मशीन काढले. बाइंडरचा हात साबणाने धुतला, पुसला, करंगळी टोचली. अठ्ठ्याण्णव. मग त्याने दुसऱ्या हाताचे बोट गोळ्यावर टेकवले. तेच बोट टोचले. चारशे दोन. तबकडी जिथल्या तिथे होती. कुणी पाय लावला नव्हता.

"माणूस एक," ती खुर्च्यांकडे वळून म्हणाली, "रक्त एक, मध्ये दोन मिनिटं. ज्यांची साखर इथं उतरली त्यांचे फक्त हात धुतले गेलेत. रक्तात होती तेवढीच आहे. ज्यांनी इन्सुलिन थांबवलंय त्यांनी आत्ता, इथूनच हॉस्पिटलला चला. मी बरोबर येते."

सिनेमात अशा वेळी लोक चवताळून उठतात. इथे नऊ माणसे उठली. बाकीच्यांनी एकमेकांची तोंडे पाहिली. "पण माझी झोप सुधारली," एकजण म्हणाला. "टोकन तर घेतलंय," दुसरी म्हणाली. महाराज मशीन पेटीत ठेवत होते. शंकेखोरांच्या उपस्थितीत छिद्रे बुजतात, असे काहीतरी पुटपुटत ते मागच्या जिन्याने गेले. दोन माणसे पुढच्या शिबिराचा पत्ता विचारायला त्यांच्या मागे धावली.

सून नऊ जणांना घेऊन गेली. हॉलमध्ये गोळा राहिला, आणि चपलांच्या फळीवर बसलेला बाइंडर. ग्रंथपाल त्याच्या शेजारी बसले.

बाइंडर म्हणाला, "शेवटच्या दिवशी तिला फार तहान लागत होती. मी म्हटलं, साखर बाहेर पडतेय, चांगलं आहे."

"चूक माझी आहे."

"तुमची आहे," बाइंडर म्हणाला. "माझीही आहे. वाटून घेतली म्हणून ती थोडीच परत येणार?" त्याने बिल्ला काढून खिशात टाकला. "माझ्या पत्राचं उत्तर द्या, सर."

"आता?"

"आता. लेखी. माझ्या शब्दावर चाळीस घरांनी टोकनं घेतली. उद्यापासून त्या प्रत्येक दारात मला जायचंय. मी नुसतं तोंडानं सांगितलं तर म्हणतील, बायको गेली, डोकं फिरलं. तुमच्या लेखानं त्यांना इथं आणलं, तुमच्या अक्षरानंच परत न्यावं लागेल. पोस्टानं पाठवा. पत्र आलं म्हणून दाखवीन."

दुपारी ग्रंथपाल टेबलाशी बसले. शब्दकोशातून ते पत्र काढून समोर ठेवले. या वेळी खर्डा केला नाही.

'नाही. इन्सुलिन बंद करू नका.

तुमचे पत्र मला अकरा आठवड्यांपूर्वी मिळाले होते. उत्तर मला त्याच दिवशी माहीत होते. मी डॉक्टर नाही म्हणून लिहिले नाही. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका" एवढे लिहायला डॉक्टर असावे लागत नाही, हे मला कळायला हवे होते. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही होकार असा घेतला. दुसरा कोणता घेणार?

मी ज्या पदार्थाबद्दल लिहिले तो खरा आहे. तो हवेतली वाफ धरतो. तळपायातून साखर ओढत नाही. त्या हॉलमधल्या तबकडीत तो होता की साधी राख होती, ते मला ठाऊक नाही. गोळ्यावर मात्र ग्लुकोज होते. तुम्हीच ते दोन बोटांनी दाखवून दिले.

हे पत्र जो वाचेल त्याला विनंती. कुणी चमत्कार दाखवला तर आधी हात धुवा आणि मग पुन्हा दाखवायला सांगा. खरे असेल ते हात धुतल्यावरही खरेच राहील. पेपरात छापून आले, शास्त्राचे शब्द आले, एखाद्या म्हाताऱ्याचे नाव खाली आले, म्हणून मानू नका. माझे आले होते.'

खाली सही केली. पत्र पुन्हा वाचले. शेवटच्या परिच्छेदाखाली बोटभर जागा उरली होती. तिथे 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहायला त्यांचे पेन आपोआप गेले. त्यांनी ते उचलले आणि टोपण लावले.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर होती. ग्रंथपालांनी पाकीट तोंडाशी धरले, पत्ता एकदा तपासला. घरातली दोन्ही नावे त्यांनी सवयीने लिहिली होती. वहिनींचे नाव खोडावे का, याचा क्षणभर विचार केला. खोडले नाही. उत्तराची वाट पाहा, असे वहिनींनीच सांगितले होते.

त्यांनी पाकीट सोडले. पेटी रिकामी असावी. तळाशी पडल्याचा आवाज स्पष्ट आला.