मशीनच्या वाटणीची धार

खट्ट.

दुपारच्या सामसुमीत तेवढाच आवाज झाला आणि पुतळा हातातलं शिवणकाम टाकून उंबऱ्यापर्यंत धावली. मग ध्यानात आलं, आवाज चुलीवरच्या डाळीच्या झाकणाचा होता. ती तशीच उभी राहिली, आपल्या वेडेपणाला काय म्हणावं ते न कळून.

तिची तरी काय चूक? दूध संघाच्या प्लांटला लागूनच त्यांची खोली, भिंत एकच. पलीकडे दूध तापायचं आणि नीट तापलं की नळीवरचा मोठा व्हॉल्व्ह खट्ट करून त्याला पुढं सोडायचा. मधेच दुसऱ्यांदा खट्ट झालं, की समजायचं व्हॉल्व्हनं तोंड फिरवलं, दूध मागं टाकीत चाललं. कच्चं दूध पुढं जाऊ नये म्हणून ही सोय. व्हॉल्व्हला हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी दूध घ्यायच्या खिडकीशेजारी भिंतीवर होती. ती हल्ली चांगल्या तापलेल्या दुधालाही कच्चं ठरवू लागली होती. मग दूध गोल गोल फिरत राहायचं, करपायचं, शेवटी नासायचं.

आणि दूध होतंच किती? साल शहाऐंशीचं, दुष्काळाचं. निम्मी जनावरं शेजारच्या ईट गावच्या चारा छावणीत उसाच्या वाढ्यांवर जगत होती. बाया कासंडीच्या तळाशी असलेलं दूध पदराखाली झाकून आणायच्या.

पुण्याहून कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्यानं पेटी उघडली, आत साचलेल्या धुळीवर फुंकर मारली, रिसेटचं बटण दाबलं, थर्मामीटर लावून काटा बहात्तर अंशांवर बसवला, मटणाचं जेवण जेवला आणि गेला. त्या आठवड्यातच पेटी पुन्हा फिरली. चेअरमन आबाराव तेव्हा खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. पुतळाच्या नवऱ्याला, ऑपरेटर मच्छिंद्रला, एवढंच म्हणाले, "अजून एकदा दूध मागं फिरलं तर मी दुसरा ऑपरेटर बघतो. आयटीआयचा कागद घेऊन तू घरी बस."

घरी म्हणजे कुठं? खोली संघाची होती.

संध्याकाळी मच्छिंद्र आला तो तळहातावर कागद धरून. कागदावर काळे ठिपके. दिव्याखाली नेलं तर मेलेल्या मुंग्या.

पेटीतल्या रिलेच्या पत्र्यांमधे सापडल्या, तो म्हणाला. पत्रे एकमेकांना टेकायचे तर मधे ह्या. मग व्हॉल्व्हला हुकूम जाणार कसा? स्पिरिटनं सगळं पुसून आलो, रिसेट केलं, उकळत्या पाण्यात तापमापकाचा बल्ब बुडवून काटा लावला. पण मुंग्या पेटीत कशाला येतील, हे काही त्याला उमगत नव्हतं. दुष्काळात त्या डब्यातल्या साखरेला सोडून लोखंड चाटतायत. त्यानं लेकीकडं पाहिलं. "मित्रे, तिथं गूळ खाल्लास का?"

संघमित्रा चार वर्षांची. ती बापाच्या मांडीवर चढून बसली आणि अगदी सहज म्हणाली, "म्या न्हाय. मशीन दूध पिती."

"कोण पाजतं?"

"केशरआजी. तिला भूक लागती म्हणून."

पुतळाच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली.

केशरबाई रोज पहाटे छावणीतून सगळ्यांत आधी दूध घेऊन यायची. म्हातारी, तोंडाची फटकळ. खिडकीशी कुणी मधे घुसलं तर त्याच्या आज्याचाही उद्धार करायची. पुतळाच्या अंगावरचं दूध आटलं तेव्हा हीच बाई रोज वाटीभर दूध खिडकीत ठेवून जायची, आणि पैशाचं नाव काढलं की पाठ फिरवायची. ती मशीनच्या मुळावर का उठेल? पुतळाला रात्रभर काही सुचेना. सांगावं, तर आबाराव म्हातारीचं दूध घेणं बंद करतील. तिची एकुलती म्हैस, तिचं सगळं त्यावर. न सांगावं, तर नवरा घरी. मच्छिंद्र तेवढंच म्हणाला, "तू बोल. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

पहाटे ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मच्छिंद्र बॉयलरपाशी होता. केशरबाई आली, इकडंतिकडं पाहून तिनं चूळभर दूध ओंजळीत घेतलं आणि ओंजळ पेटीकडं नेली. वरच्या फटीतून ते आत झिरपणार तोच पुतळानं तिचं मनगट धरलं.

"मावशी, हे काय करताय?"

केशरबाई दचकली नाही. पहिली धार घरच्या चरवीत जात न्हाय, हे तुला ठावं न्हाय का, म्हणाली. आमच्या म्हसोबाला जायची. म्हस छावणीत, म्हसोबा तिकडं लांब. तुझा मालक त्या दिवशी डोक्याला हात लावून बसला होता, म्या बघितलं. तवा म्हणलं, हिलाच पाजावी. दुसऱ्या दिवशी चालली की न्हाय गुमान?

चालली होती खरी. पुण्याचा माणूस त्याच दिवशी आला होता.

पुतळाला हसू यावं की रडू, काही कळेना. तिनं मुंग्यांचं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् धार बंद केल्यावर पुन्हा रुसली तर?"

"तर माझ्यावर. तुम्ही ही धार लिंबाच्या बुडाला घाला."

म्हातारीनं पेटीपुढं मान लववली, काहीतरी पुटपुटली आणि ओंजळ लिंबाखाली रिकामी केली.

पेटीच्या फटीला मच्छिंद्रनं रबर लावलं. नऊच्या सुमाराला आबाराव स्वतः येऊन व्हॉल्व्हसमोर उभे राहिले. खट्ट. दूध पुढं गेलं. सगळे दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. कारण विचारल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "मुंग्या होत्या, साहेब." त्यापुढं त्यानं काही सांगितलं नाही. आबाराव म्हणाले, मग ऱ्हा आता.

केशरबाई रिकामी कासंडी घेऊन खोलीच्या दाराशी आली. तोंड भरून हसत होती. पुतळानं घाईघाईनं चहा टाकला, नव्या कपात ओतला, बाहेर आणला. म्हातारीनं कपाकडं पाहिलं, मग त्याला लागू नये असा पदर सावरला. "आज उपास हाय गं पोरी," म्हणाली, आणि संघमित्राच्या गालावरून लांबूनच बोटं ओवाळून कडाकडा मोडत वाटेला लागली.

तिचा उपास कुठल्या वारी असतो, हे पुतळाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. कप हातात निवत चालला.

मित्रा म्हातारीच्या पाठीकडं बघत होती. मग तिनं आईचा पदर ओढला.

"आई, केशरआजी आपल्या मशीनला दूध पाजती, मला बी पाजती. मग आपला चहा का पीत न्हाय?"