कोपऱ्यातली पुसलेली रेघ

मित्रांनो, तुम्ही चित्र काढता तेव्हा कागदाखालचा बोर्ड काय करत असतो, याचा कधी विचार केलाय? मी सांगतो. तो कान देऊन असतो. मी एका डिझाइनच्या ऑफिसातला जुना ड्रॉइंग बोर्ड. स्वभावाने भलताच चौकस. सुताराने मला मऊ लाकडातून घडवलं, त्यामुळे पेन्सिल दाबली की माझ्या अंगावर तिचा वळ उठतो. कोण मनापासून रेघ मारतंय आणि कोण बिचकत, हे मला आपोआप कळतं.

एकदा एका हॉस्पिटलने आजारी मुलांसाठी चाकांची खुर्ची मागवली. आधी मुरलेल्या मंडळींनी ती केली. झटपट झाली, भक्कम झाली, पण मुलं ती बघूनच रडायला लागली. मग नुसत्या नवख्यांना दिली. त्यांची खुर्ची मुलांनी डोक्यावर घेतली, पण पुढे वाकलं की ती कलंडायची. हॉस्पिटल म्हणालं, आता एकदाच बघू. मालकीणबाईंनी सांगून टाकलं, की हे काम गेलं तर नव्यांना ठेवणं परवडणार नाही. सगळ्यात शेवटी आलेल्या मुलीला सगळे धाकटी म्हणत. तिचा चेहरा एवढुसा झाला.

या वेळी जुने-नवे एकत्र बसवले. मला वाटलं, आता बघा गंमत! पण झालं भलतंच. सगळ्यात अनुभवी काका पहिली रेघ मारायचे आणि नवे तोंडात मिठाची गुळणी धरून माना डोलवायचे. त्यांच्या पेन्सिली इतक्या हलक्या चालायच्या, की मला गुदगुल्याही होईनात. कागदावर पुन्हा तीच जुनी खुर्ची उमटत होती.

एक दिवस काका चहाला गेले. धाकटीने कोपऱ्यात कचकचून काहीतरी काढलं आणि त्यांची चाहूल लागताच खोडून टाकलं. काकांनी नवा कागद लावायला जुना उचलला. खिडकीतून तिरपं ऊन माझ्यावर पडलं होतं, त्यात कोपऱ्यातला वळ त्यांना स्पष्ट दिसला.

"हे कोणी काढलं?"

धाकटीची पाचावर धारण बसली. "मी, काका. चुकून."

"इतकं दाबून कोणी चुकतं होय? काय आहे हे?"

"मोठं चाक. पुढे घेतलं तर मुलाचा हात पोचेल, मग ते स्वतःच हिंडेल."

"आणि पुढे वाकलं तर?"

"पडेल," ती हळूच म्हणाली. "तिथेच माझं अडतंय."

काका बराच वेळ त्या वळावरून बोट फिरवत राहिले. "वजन मागे कसं न्यायचं ते मी बघतो. चाक मात्र तूच काढ."

त्या दिवसापासून नियमच झाला. पेन्सिल आधी सगळ्यात नव्या माणसाच्या हातात, आणि तोवर काकांचे हात खिशात. खिशातल्या खिशात त्यांची बोटं नुसती चुळबुळायची! वाद झाले, वेळ जास्त लागला, रबराच्या चुऱ्याने मी बेजार झालो. पण खुर्ची झाली. पायाला प्लॅस्टर घातलेली एक मुलगी तिच्यात बसली आणि उतरायलाच तयार होईना, असं काकांनी येऊन सांगितलं. धाकटीची नोकरी टिकली.

पुढे कॉम्प्युटर आले. मी जिन्याखाली गेलो. माझ्यावर कुंड्या आल्या, कुणाची ओली छत्री आली. काका निवृत्त झाले. मला कुणी विचारत नाही म्हणून वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

परवा मात्र मला बाहेर काढलं. सुतार म्हणाला, "रंधा मारतो, डाग जातील." केस पांढरे झालेल्या एका बाईंनी माझ्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. मी ते बोट ओळखलं. "बाकी सगळं घासा. एवढं राहू द्या," धाकटी म्हणाली.

आज एक नवा मुलगा माझ्यासमोर उभा आहे. तो पेन्सिल कागदाला टेकवतो आणि पुन्हा उचलतो. धाकटीने दोन्ही हात खिशात घातलेत.

मित्रांनो, तुमच्यातही कुणीतरी नवं असेलच. पेन्सिल आधी त्याला द्या. आणि माझ्यासारख्या जुन्या बोर्डांना जपा. त्याने घाबरून पुसलंच, तर ती रेघ जपायला खाली कुणीतरी हवं ना!