सात नंबरची नळी

डोंगरावरचं बर्फ नुकतं वितळलं होतं, आणि त्या शनिवारी सकाळी सगळं टॅलो क्रीक गाव खाणीच्या धरणावर लोटलं होतं. खाणीतून निघालेला चाळीस वर्षांचा चिखल त्या मातीच्या धरणामागे साठला होता. खाली, धरणाच्या पायथ्याशी, विलो स्ट्रीटची घरं.

प्रोफेसर ऑरिन स्टाडलमन एक पेटी छातीशी धरून धरणाच्या माथ्यावरून सावकाश चालत होते. पेटीवर दोन दिवे. हिरवा लागला तर आतली माती कोरडी, लाल लागला तर पाणी. मागून अडीचशे माणसं कॉफीचे पेले हातात धरून चालली होती.

"माती बोलते, मंडळी!" प्रोफेसर म्हणाले. "आपल्यालाच कान नाहीत. ही पेटी म्हणजे कान! भोक पाडायला नको, नळ्या पुरायला नकोत. मातीच्या पोटातलं पाणी हिला वरूनच कळतं!"

तेवढ्यात लाल दिवा लागला. खाणीच्या दोघा कामगारांनी तिथं खणलं, तर चार फुटांवर पाणी! एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. "आमच्या परसातही पाणी शोधून द्या ना!" म्हणत लोक पेटीला हात लावायला पुढे सरकले.

मीही टाळ्या वाजवल्या. मी ऑगस्ट लिंडक्विस्ट, प्रोफेसरांच्याच विद्यापीठात प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. धरणात चौदा नळ्या उभ्या पुरलेल्या होत्या. दर आठवड्याला त्यांत फीत सोडायची, पाणी किती चढलंय ते वहीत लिहायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. चार फुटांवर पाणी असलेली ती जागा माझ्याच वहीत होती, आणि वही महिनाभर प्रोफेसरांकडे होती. पण त्या दिवशी मला हे सुचलंच नाही. माणूस एकदा भारावला, की त्याला स्वतःचं अक्षरही ओळखू येत नाही.

सोमवारी वरून निरोप आला: पेटी आहे, आता नळ्या मोजायला नकोत. मी फीत गुंडाळून कपाटात ठेवली.

अठरा दिवसांनी इल्सा टोल्वानेन माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ती प्रोफेसरांच्याच हाताखाली संशोधन करत होती, आणि तिचे वडील विलो स्ट्रीटवर राहायचे.

"ऑगस्ट, बाबांच्या घरामागे धरणातून झिरपणारं पाणी येतं ना, ते कालपासून गढूळ झालंय."

"पेटी काय म्हणते?"

"हिरवं. पेटीचं सोड. फीत कुठंय तुझी?"

आम्ही दोघं धरणावर गेलो. सात नंबरच्या नळीत फीत सोडली. मागच्या मोजणीपेक्षा पाणी अकरा फूट चढलं होतं. मी पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. आकडा हलेना. पायाखाली धरण शांत होतं, पक्षी ओरडत होते.

"गढूळ येतंय म्हणजे धरण आतून पोखरलं जातंय," इल्सा म्हणाली.

प्रोफेसरांनी आकडा बघितलासुद्धा नाही. "नळी तुंबली असेल. बावीस वर्षांची जुनी ती नळी! उद्या शाळेत गावाची सभा आहे, तिथं पेटीच सांगेल." बोलता बोलता त्यांनी टेबलावरच्या नकाशावर बोट टेकवलं. नकाशावर इल्साचं होकायंत्र ठेवलेलं होतं. त्याची सुई गर्रकन फिरून प्रोफेसरांच्या अंगठीकडे वळली. इल्साने ते पाहिलं आणि होकायंत्र उचलून खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये तिने सहा झाकलेल्या बादल्या मांडल्या. "काहींत कोरडी वाळू आहे, काहींत पाणी. शाळेच्या स्वयंपाकीणबाईंनी भरल्यात, मलाही माहीत नाही कशात काय आहे. सर, सांगता?"

"पोरी, हे पोरखेळ..."

"अहो, सांगा की!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमच्या पेटीला झाकण आडवं येतंय का?"

प्रोफेसरांनी सहांपैकी दोन ओळखल्या. कपाळ पुसत ते म्हणाले, "संशयी मनांमुळे लहरी बिघडतात. इथं फार संशय साठलाय."

"मग आमच्या संशयाने धरणही बिघडेल की!" एक बाई म्हणाली. थोडे हसले. इल्सा हसली नाही.

"सर, अंगठी काढून पेटी धरा."

"माझ्या वडिलांची आहे ती."

"क्षणभरच."

सगळा हॉल त्यांच्या हाताकडे बघत होता. अंगठी निघाली, आणि पाण्याने भरलेल्या उघड्या बादलीवरही पेटी हिरवीच राहिली. मग इल्साने ती अंगठी पेटीच्या डाव्या कोपऱ्याला लावली. लाल! लांब नेली, हिरवा. जवळ आणली, लाल! खाली होती ती नुसती कोरडी फरशी. मी पेचकस घेऊन पेटी उघडली. आत एक बॅटरी, दोन दिवे आणि चुंबक जवळ आलं की जोडली जाणारी काचेची इवलीशी कळ. चुंबक होतं अंगठीच्या खड्याखाली. बस्स, एवढाच मातीचा कान.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवीही दिली नाही. मी उभा राहिलो आणि सात नंबरचा आकडा वाचला. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, आयांनी पोरांना हाका मारल्या.

शेरीफची माणसं आणि आम्ही दारोदार फिरलो. सगळे निघाले, एक हेक्टर मलरूनी सोडून. खाणीतून निवृत्त झालेला, एकटा माणूस. दारात उभा राहून म्हणाला, "तो शिकलेला माणूस आहे, ऑगस्ट. तू फीत सोडणारा."

"हेक्टर, पेटी खोटी होती रे! माझ्या हाताने उघडली मी."

"असेल. पण मोजायचं तूच थांबवलंस ना? खरंच धोका असता, तर थांबवलं असतंस?"

त्याने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला धरण मधोमध खचलं. आवाज फारसा झालाच नाही. करडा चिखल विलो स्ट्रीटवर खिडक्यांपर्यंत चढला. एकतीस घरं रिकामी होती. बत्तिसाव्यातून हेक्टरला आम्ही चार दिवसांनी काढलं.

चौकशीत प्रोफेसर रडले. सुरुवातीला पेटीत खरं यंत्र होतं म्हणाले, पण ते दहांत तीनदाच बरोबर यायचं. प्रात्यक्षिकाची तारीख जाहीर झाली, मोठी माणसं यायची होती. एवढ्यापुरतं अंगठीने निभावू, पुढे यंत्र सुधारू, असं त्यांनी ठरवलं. मला ते पटतं. लोकांना बुडवायला ते निघाले नव्हते. पण दहांत तीन हे त्यांनी सांगितलं असतं, तर मी फीत खाली ठेवली नसती.

मला विचारलं, "तुम्ही मोजणं का थांबवलंत?" मी म्हणालो, "वरून निरोप आला होता." हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. मलाही चमत्कार हवा होता.

विद्यापीठाचा शिक्का बसला म्हणून चमत्काराचं विज्ञान होत नाही. जे झाकलेल्या बादलीसमोर टिकतं, जे दुसऱ्याच्या हातातही तसंच चालतं, ते विज्ञान. जो माणूस तपासणीलाच संशयी मन म्हणतो, तो बुवाच. मग त्याच्या अंगावर भगवी कफनी असो की पांढरा कोट. त्याला प्रश्न विचारा. त्याच्या पदव्या मोठ्या असतील आणि तुमच्या हातात नुसती फीत असेल, तरी विचारा. हेक्टरच्या दारात मला एवढं बोलता आलं नाही.