नंदनवनातलं जागृत कार्ड

विज्ञानाच्या इतिहासात काही स्थळं अमर होतात. नागपूरच्या नंदनवनात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत असंच एक स्थळ उदयाला आलं होतं. तिथे विज्ञानाचं दर्शन घ्यायचं तर जिन्यात चपला काढाव्या लागत.

मे महिना होता. जिन्याच्या पायऱ्यांनी गिरिधररावांचे तळवे भाजले, पण ते माघारी फिरले नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले गिरिधरराव कुठल्याही बाबापुढे न वाकल्याबद्दल कॉलनीत प्रसिद्ध होते. बायकोच्या गुरुवारच्या उपासावर त्यांनी लग्नापासून विनोद केले होते. आज मात्र ते कापडी पिशवी छातीशी धरून गर्दीत उभे होते आणि दर मिनिटाला पिशवी चाचपत होते.

पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेलं, मुलीच्या कॉम्प्युटरमधलं, पडद्यावर चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड होतं. तिला न विचारता काढून आणलेलं. नूपुर आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. उद्या सकाळी परीक्षक ऑनलाइन बसणार होते आणि तिने रचलेल्या इमारतीतून त्यांना पडद्यावर फिरवून आणायचं होतं. दिवाळीपासून मात्र ती इमारत अडखळत होती. दार उघडायला घेतलं की पडदा थिजायचा. कार्ड मध्यम किमतीचं. वरचं मॉडेल घ्यायचं तर दुचाकीएवढे पैसे लागणार. अशात सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर निरोप आला: मार्तंड सर ओव्हरक्लॉकिंग करून साध्या कार्डातलं महाग कार्ड जागं करतात. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिपला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. शब्द इंग्रजी असल्यामुळे गिरिधररावांना तो चमत्कार वाटला नाही.

माडीत कूलर घरघरत होता. टेबलावर काचेची पेटी, तिच्यात रंगीत दिवे आणि सरांनी जागं केलेलं एक लहानसं कार्ड. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर गाड्यांची शर्यत, लोण्यासारखी सरकणारी. कोपऱ्यात वेगाचा आकडा झळकत होता. काळा टी-शर्ट, कपाळाला अष्टगंध आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर अशा थाटात मार्तंड सर बोलत होते.

"कंपनी काय करून राहिली? चिप एकच. कुलूप लावून तुम्हाले स्वस्तात देते, उघडी करून श्रीमंताले महाग देते. मी फक्त कुलूप काढतो. ताकद तुमच्याच कार्डात आहे, फक्त झोपून राहिली!"

"सर, माह्या पोराचं कार्ड तुम्हीच जागं केलं होतं," सावनेरहून आलेला शालिकराम म्हणाला. "गाव येईपर्यंत झोपलं ना बापा."

लोक हसले. सर हसले नाहीत. "घरी कोणी शंका घेते का?"

"बायको घेते."

"बस. शंका म्हणजे हीट. हीट म्हणजे क्रॅश."

शालिकरामने मान खाली घातली. दोष बायकोचा निघाला याचं त्याला थोडं बरंही वाटलं असावं.

गिरिधररावांचा नंबर आला. "ठेवून जा काका. रात्रभर क्लॉक चढवावं लागते. उद्या दुपारी न्या."

"उद्या सकाळी पोरीची परीक्षा आहे हो."

"मंग झोपलेलं घेऊन जा. माहं काय जाते?"

गिरिधररावांनी आकड्याकडे पाहिलं. हात पिशवीत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. बहिणीकडे कुरडया पोचवायच्या म्हणून त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई सोबत आल्या होत्या. पिशवीत काय आहे हे त्यांना आत्ता कळत होतं.

"पोरीले विचारलं का तुम्ही?"

"सरप्राइज आहे तिला."

"सकाळी रिकामी पेटी पाहिली की होईनच सरप्राइज."

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर कण्हत थांबला. काचेच्या पेटीतले दिवे विझले, पंखे थांबले. पडद्यावरची गाडी मात्र त्याच वेगाने धावत राहिली.

"अरे बापा! बिना लाइटचं चालून राहिलं!" कोणीतरी ओरडलं. शालिकरामने हात जोडले. मार्तंड सरांचा चेहरा आधी उतरला होता. जोडलेले हात दिसले तसा तो परत चढला.

"हेच तं! जागृत कार्ड चार्ज धरून ठेवते!"

गिरिधररावांचा हात टॉवेलासकट पिशवीतून बाहेर आला.

"थांबा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. कूलर बंद पडल्याने खोली गप्प झाली होती आणि भिंतीपलीकडून काहीतरी टूं… टूं… करत होतं. "हे काय वाजून राहिलं?"

"ते क्लॉक आहे, ताई."

"आमच्या घरी लाइट गेली की नूपुरच्या टेबलाखाली असंच वाजते. यूपीएस म्हणतात त्याले, बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवते." त्या पडद्याजवळ जाऊन वाकल्या. "अन् ही वायर टेबलावरच्या पेटीत जायची सोडून भिंतीत काहून गेली?"

"हात नका लावू! पवित्र… म्हणजे, सेन्सिटिव्ह आहे!"

"गुरुवार करते मी. देवाले हात जोडते, वायरले नाही."

शालिकरामने कोपऱ्यातला कापडी पडदा ओढला. मागे छोटी खोली, खोलीत बाहेरच्या पडद्यासकट यूपीएसवर चालणारा कॉम्प्युटर आणि त्याच्यात तीन पंख्यांचं लठ्ठ कार्ड. तेच वरचं, महागडं मॉडेल.

"म्हणजे महाग कार्डाचं काम महाग कार्डच करून राहिलं होतं," शालिकराम सावकाश म्हणाला. "मंग माह्या कार्डाचं काय केलं गा तू?"

"नाव बदललं," मार्तंड पुटपुटला. "कॉम्प्युटर त्याले वरचं मॉडेल म्हणते आता."

"बैलाचं नाव ट्रॅक्टर ठेवलं तं तो डिझेल पिते का?"

यानंतर त्या माडीत जे झालं त्याला विज्ञान म्हणता येणार नाही. गिरिधरराव चपलाही न शोधता जिना उतरले.

घरी नूपुर लवकर परतली होती आणि कॉम्प्युटरसमोर बसली होती. गिरिधररावांनी पिशवी पाठीमागे धरली आणि एका ओळखीच्या माणसाची म्हणून सगळी हकिगत सांगितली.

"ओव्हरक्लॉकिंग खोटं नाही, बाबा," ती म्हणाली. "कार्ड थोडं जास्त पळतं, जास्त तापतं. वेग शंभराला पाच-सातने वाढतो, पण त्याने मॉडेल बदलत नाही. त्या ओळखीच्या माणसाने एकाच कॉम्प्युटरवर आधी आणि नंतर मोजून का नाही पाहिलं?"

"अंगारा दिला असता तर ओळखलं असतं गं त्याने. त्या लेकाने आकडा दाखवला."

"आकडा कुठून येतो ते विचारायचं. एखाद्या बुवाला विचारता तसंच."

"आता काढा ते टॉवेलातलं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

गिरिधररावांनी कार्ड टेबलावर ठेवलं. नूपुरने कार्डाकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर तिची इमारत होती, रोजच्यासारखीच अडखळत चालणारी. ना कमी, ना जास्त. ती टेबलाखाली शिरली.

"बाबा, दिवाळीत हे सगळं झाडून वायरी परत कोणी लावल्या?"

"मीच. काहून?"

पडद्याची वायर कार्डाच्या खाचेत नव्हती. ती वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत होती, जिथून कॉम्प्युटर कार्डाशिवायच जेमतेम चित्र दाखवतो. दिवाळीपासून पडदा कार्डाला जोडलेलाच नव्हता.